गुटीचं पाणी

उन्हाळी सुट्टीत हायस्कूलच्या जीवशास्त्र शिक्षकांसाठी प्रयोगशाळेतलं प्रशिक्षण होतं. इतकी वर्षं मी जंतू फळ्यावर काढत आले, खरे कधी वाढवले नव्हते. आमच्या शाळेचा सूक्ष्मदर्शक कपाटात असतो आणि कपाटाची चावी कुणाकडे आहे, ते दरवर्षी नव्याने शोधावं लागतं. त्यामुळे हौसेनं निघाले. लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली, बाळ दीड महिन्याचं, तरी निघाले. सासूबाई असताना मला कसली काळजी?

प्रत्येकानं आपल्याकडच्या पाण्याचे दोन नमुने न्यायचे होते, एक संशयाचा आणि एक खात्रीचा. संशयाचा म्हणून मी दिघीच्या खाडीलगतच्या डबक्यातला घेतला. खात्रीचा म्हणून आमच्या परसातल्या विहिरीचा. या विहिरीचा आमच्या घराला भारी तोरा. पाहुणा आला की चहाआधी तांब्या पुढे येतो, आणि त्यानं "पाणी गोड आहे हो" म्हटल्याशिवाय सासूबाई जागच्या हलत नाहीत. जीवशास्त्राची बाई असून मीही गोड म्हणजे शुद्ध असंच धरून चालले होते.

पाण्याचे थेंब जंतू वाढवायच्या डिशीत पसरून उबवणीच्या पेटीत ठेवले होते; दुसऱ्या दिवशी त्या डिशी बाहेर काढल्या. डबक्याच्या डिशीत गुलाबी ठिपके होते, ते असणारच. विहिरीच्या डिशीतही होते. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "हे मैल्यातले जंतू असण्याची दाट शक्यता आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला संडासाचा शोषखड्डा आहे का?"

होता. टेकाडावर नवा होमस्टे झाला होता. मला त्या मुलीचाच राग आला. आणि मग बाळाची गुटी आठवली. सासूबाई रोज सकाळी सहाणेवर मायफळ, वेखंड उगाळतात ते विहिरीच्या ताज्या पाण्यात. उकळलेल्या पाण्यात औषधाचा गुण उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी बाहेर येऊन लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, कालपासून त्याचं पोट बिघडलंय. आजी म्हणते, दृष्ट लागली." मी तिला म्हटलं, गुटी बंद कर आणि आत्ताच्या आत्ता म्हसळ्याला डॉक्टरकडे ने. आत जाऊन प्रयोग पुन्हा लावला, शेजारी निर्जंतुक पाण्याची डिश ठेवून. माझाच हात खराब असावा, तीही डिश गुलाबी निघावी, अशी मी देवाची विनवणी करत होते. दुसऱ्या सकाळी ती कोरी निघाली. आमची पुन्हा गुलाबी.

घरी पोचले तोवर बाळ सावरलं होतं. लेकीनं आजीला काही सांगितलं नव्हतं, ते माझ्यावर ठेवलं होतं. सासूबाई ओटीवर सहाण घेऊन बसल्या होत्या, औषध का बंद केलं म्हणून रुसलेल्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि शाळेत सांगते तसं सावकाश सगळं सांगितलं. विहीर, जंतू, जुलाब. त्या सहाणेवर हात ठेवून ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, "आमचा पयला बी जुलाबानंच गेला. तो या पान्यानं गेला व्हय?"

त्यांचा पहिला मुलगा तान्हा असताना गेला, एवढंच मला माहीत होतं. घरात त्याचा विषय निघत नसे. बोलायच्या भरात मला त्याची आठवणही झाली नव्हती. मी घाईघाईनं म्हटलं, "नाही हो. तेव्हा वर होमस्टे कुठं होता? शोषखड्डा कुठं होता?"

त्यांनी टेकाडाकडे बघितलं. "खड्डा नव्हता," त्या म्हणाल्या. "तवा आख्खा गाव तितंच वर परसाकडं बसायचा."

खरं म्हणजे आजच्या डिशीवरून तेव्हाचं काहीच सांगता येत नाही. मी तसं म्हटलंही. पण त्या ऐकत नव्हत्या. त्यांनी पदरानं सहाण पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"त्याला बी मीच उगाळून देत व्हते," त्या म्हणाल्या.