क्लेमेंटीत मला ‘अंबुया’ म्हणणारा मुलगा

केतकीचा फोन आला. “आई, एकदा येऊन फराईला बघ. तुझा होकार असेल तरच लग्न करीन.” हे गेल्यापासून घरातले सगळे निर्णय मीच घेते, पण इतका मोठा पहिलाच. नाशिकहून मुंबई गाठली आणि सिंगापूरच्या विमानात बसले.

सामान कमी असेल तर चांगीहून टॅक्सी करू नका. एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, तानाह मेराहला गाडी बदलली की थेट क्लेमेंटी. केतकी तिथे विद्यापीठात संशोधन करते आणि सरकारी फ्लॅटमधल्या एका खोलीत भाड्याने राहते. फराई तिच्याच लॅबमधला, झिंबाब्वेतल्या मस्विंगोकडचा. त्याची भाषा कारांगा. बाहेरचे तिला शोनाच म्हणतात, तीही शोनाचीच एक बोली; पण तो स्वतःला कारांगाच म्हणवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या मंडपात, भेट ठरली. चिनी शाकाहारी स्टॉलवर भात-भाज्या स्वस्तात मिळतात. अंड्याचं मी दोनदा विचारलं, तेव्हा स्टॉलवाली वैतागली, “नो एग लाह, आंटी!”

फराई आला. माझ्यापासून चार पावलांवर उकिडवा बसला, हलकेच टाळ्या वाजवल्या आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “माकादी, अंबुया.” मग ताट उचलून पलीकडच्या टेबलावर, आमच्याकडे पाठ करून जेवायला बसला.

“हा आपल्याबरोबर जेवणारही नाही?”

“आई, हळू! त्याला थोडं मराठी कळतं. त्यांच्यात असंच असतं.”

“असंच म्हणजे कसं?”

“नंतर सांगते गं.”

सांगणं राहिलं. ती लॅबला गेल्यावर मी तिच्या कॉम्प्युटरवर शोनाचा शब्दकोश शोधला. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढचं सगळं वाचनालयाने आणि शब्दकोशांनी शिकवलं. अंबुया : आजी.

मी शब्द पुन्हा वाचला. आजी? म्हणून तो नजर देत नव्हता! सकाळी केतकीने डोसा अर्धाच खाऊन टाकून दिला होता, तेही आठवलं. ह्यांना काय सांगितलं असतं मी? रात्री तिच्या शेजारी पडून तिचा श्वास ऐकत राहिले.

सकाळी बसने बोटॅनिक गार्डनला गेलो. प्रवेश फुकट आहे, ऑर्किडच्या बागेला तिकीट पडतं. तिथे काय फुललं होतं ते मला विचारू नका. तळ्याकाठच्या बाकावर बसताच मी विचारलं, “कितवा महिना?”

“जुलै. का?”

“तुला, केतकी.”

आधी तिला कळेना. कळल्यावर ती हसली आणि मग तिचा चेहराच उतरला. “एवढाच भरवसा माझ्यावर?”

मी शब्दकोशाचं सांगितलं, तशी ती म्हणाली, “अगं, आजीला आणि बायकोच्या आईला त्यांच्यात एकच शब्द आहे! जावई सासूच्या नजरेला नजर देत नाही, तिच्यासमोर जेवत नाही. मान देतो तुला.”

“आपल्यात जावयाचा मान असतो.”

“त्यांच्यात सासूचा.”

“आणि लग्नाआधीच सासू?”

“मीही तेच म्हटलं. तर म्हणतो, एकदा अंबुया म्हटलं की बाई नाही म्हणायला लाजेल.”

लबाडच की! पण हसू येईना. मुलीवर घेतलेला संशय सलत होता. परतताना बसमध्ये तिने माझा हात धरला, तेव्हा कुठे हलकं वाटलं.

संध्याकाळी फराईला जेवायला बोलावलं. वरण-भात, बटाट्याची भाजी, शिरा. बायका ओंजळीसारखे हात करून टाळी वाजवतात, हे केतकीने शिकवलं होतं. तो दारात बसताच मी तशी टाळी वाजवली आणि म्हटलं, “माकादी.”

तो जमिनीकडे बघूनच हसला. “न्दिरिपो, काना माकादीवो.”

“तुम्ही बऱ्या असाल तर मीही बरा आहे,” केतकीने अर्थ सांगितला. हे गेल्यापासून माझ्या बरं असण्यावर कुणी आपलं बरं असणं टेकवलं नव्हतं. मी शिरा हलवायला आत गेले.

“आमच्यात जावयाला सासू वाढते. आता काय करायचं?” मी विचारलं.

त्याने थोडा विचार केला आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. पाठमोरा जेवला. शिरा हवा असला की ताटली मागे धरायचा. तिसऱ्यांदा वाढताना मी केतकीकडे बघून होकाराची मान डोलावली.

घरी परतले तर दीर वाटच बघत होते. “वहिनी, मुलाचं तोंड तरी नीट पाहिलंत का?”

“त्याने बघूच दिलं नाही,” मी म्हटलं. “म्हणून तर हो म्हणून आले.”