शिपाईभाऊंचा अंतिम सामना

आमच्या चांद्याच्या कॉलेजची फुटबॉल टीम ज्या माणसाने घडवली, तो माणूस खेळ चालू असताना चेंडूकडे बघायचाच नाही. हुद्द्याने ते शिपाई. वर्ग झाडायचे, घंटा द्यायचे आणि संध्याकाळी मैदानाच्या कडेला उकिडवे बसायचे. टीमचे व्यवस्थापक म्हणून इंग्रजीचे प्राध्यापक नेमलेले होते. ते टाळ्या फार छान वाजवायचे. बाकी सगळं शिपाईभाऊंकडे. "चेंडूवाला तं सगळ्याईलेच दिसून राह्यला," ते म्हणायचे, "रिकामा माणूस कुठी उभा हाय, ते सांग."

ते वैनगंगेकाठच्या मासेमार ढिवरांपैकी. तळ्यात माणसं रांग धरून छातीभर पाण्यात चालतात आणि मासे हाकत जाळ्याकडे नेतात. एकजण जरी पुढे पळाला तरी रांगेत फट पडते आणि मासे तिथूनच निसटतात. हीच चाल त्यांनी आम्हाला शिकवली. मी सेंटर हाफ, आणि पुढे पळायची मला भारी हौस. "तू एकटाच खाणार हायेस का बाबू मासा?" असं ते अगदी शांतपणे विचारायचे. त्या शांतपणाचा मला फार राग यायचा. पण त्या मोसमात आमच्या रांगेतून कुणाला सहजी वाट मिळेना, हेही खरं. चांद्याचं नाव ऐकून हसणाऱ्या टीमा एकेक करून हरल्या आणि आम्ही चक्क अंतिम सामन्यात पोचलो.

निम्मेअधिक गोल रैनूचे होते. रैनू आमचा लेफ्ट आऊट, धानोऱ्यापलीकडच्या जंगलातल्या गावचा गोंड मुलगा. उपांत्य सामना जिंकून आम्ही होस्टेलवर आलो तर त्याचा काका ओट्यावर बसलेला. रैनूचे वडील तापाने अंथरुणाला खिळले होते आणि उभं धान गळायला लागलं होतं. रैनूने पेटी भरायला घेतली. अंतिम सामना नवव्या दिवशी नागपूरला होता. प्राध्यापकांनी तारीख पुढे ढकलण्यासाठी अर्ज लिहायला घेतला. शिपाईभाऊंनी मात्र काकाला एवढंच विचारलं, "बांध्या किती हायेत?"

"सहा."

"तं मंग अकरा इळे लागतीन."

मूल-सावलीपर्यंत मोटारीने, वैनगंगा नावेने आणि पुढे बैलगाडीने आम्ही सगळे विळे घेऊन रैनूच्या गावी पोचलो. दोन दिवसांत सहा बांध्या, म्हणजे धानाची सहा खाचरं, कापून काढली. तिथेही मला पुढे पळण्याची हुक्की आलीच. मी बाजारपेठेत वाढलेला, दुकानदाराचा मुलगा. धानातलं मला ताटात पडल्यावर जेवढं कळतं तेवढंच कळायचं. कापणाऱ्यांच्या मागोमाग भारे बांधत गेलं तर एक दिवस वाचेल, ही अक्कल माझी. त्या दुसऱ्या दिवशी रैनू, त्याचा काका आणि शेतीतली पोरं दूरच्या बांधीत होती आणि शिपाईभाऊ त्याच्या वडिलांना औषध द्यायला घरी गेले होते. दुसऱ्या संध्याकाळी वडील काठी टेकत बांधावर आले. एका भाऱ्यात हात घालून त्यांनी पाहिलं.

"ओलं बांधलं तं काळं पडते, बाबू," ते म्हणाले. "तीन दिस कडपा सुकू द्या लागतात. मंग बांधा लागते."

कापलेल्या धानाच्या त्या पसरलेल्या ओळी म्हणजे कडपा, आणि त्यांतली मी एकही ठेवली नव्हती. एका घराचं वर्षाचं अन्न मी हौसेने नासवायला निघालो होतो. शिपाईभाऊ रागावले नाहीत. तिसरा दिवस आम्ही सगळे भारे सोडून धान पुन्हा पसरण्यात घालवला. निघायची वेळ आली तेव्हा रैनू जागचा हलेना. "मी गेलो तं भारे कोन बांधन?"

"मी हाओ ना," शिपाईभाऊ म्हणाले. "गाडीत बस. मले तसाबी चेंडू कुठी दिसते?"

म्हणून तो सामना त्यांनी पाहिला नाही. पहिल्या अर्ध्यात आमच्यावर गोल झाला. माझे पाय पुढे पळायला शिवशिवत होते, पण त्या दिवशी मी जागा सोडली नाही. पुढे रैनूने दोन गोल केले आणि कप चांद्याला आला.

चार दिवसांनी शिपाईभाऊ परतले. हातांना धानाची कुसं टोचून पुरळ उठलं होतं. फोटोसाठी प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्यांना आग्रहाने खुर्ची दिली, तर म्हणाले, "मी तवा धानात होतो, साहेब. पाहणाऱ्याले वाटन का मी नागपूरले होतो." फोटो त्यांच्यावाचूनच निघाला. त्यात मधोमध कप धरून मी बसलोय, आणि अजून तो फोटो पाहिला की मला लाज वाटते.

पुढच्या साली कुणी न सांगता टीम गोलकीपरच्या गावी धान कापायला गेली, त्याच्या पुढच्या साली आणखी कुणाच्या. कप पुन्हा लवकर आला नाही, पण ही रीत टिकली.

बऱ्याच वर्षांनी, ऐन कापणीत शिपाईभाऊ गेले. धानोऱ्याला मास्तर झालेला रैनू आणि मी त्यांच्या गावी पोचलो. त्यांच्या दोनच बांध्या होत्या, त्या कापून झालेल्या होत्या. शिपाईभाऊंना कधी पाहिलंही नव्हतं अशी कॉलेजची नवी पोरं बांधावर घाम पुसत उभी होती. दोन दिवसांनी त्या पोरांचा सामना होता.

"भारे बांधून टाकू का, काका?" एकाने मला विचारलं.

मी वाकून एक कडप चाचपली. ओली होती.

"नाई बाबू," मी म्हणालो. "तुमी जा खेळाले. मी थांबतो."