नऊ गोऱ्ह्यांतून एक

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो. बुटाला चिखल लागतो तसे ते लागतात, आणि घरी आल्यावर कळतं. माझे तर खरोखरच बुटाला लागून आले. बायको दारातच म्हणायची, "बूट बाहेर ठेव आणि आज काय झालं ते आत येऊन सांग." हल्ली मित्रमंडळी जमली की फर्माईश ठरलेली असते: "ए, गोठ्याचं सांग!"

तर आधी थोडं मागचं. मी पुण्याचा, राहतो इकडे डच मुलखात, बुइटनव्हेल्डर्टला, ऑफिस स्लोटरडाइकला. आमची छोटीशी कंपनी गुरांच्या गळ्यात सेन्सर बांधते आणि कुठलं जनावर काय करतंय ते स्क्रीनवर दाखवते. मी डेटावाला. गाय मी आयुष्यात एकदाच अगदी जवळून पाहिली होती, ती आमच्या स्कूटरचं सीटकव्हर खात होती तेव्हा. मागच्या उन्हाळ्यात साहेबांनी मला ट्रायलसाठी नायमेखनजवळच्या एका फार्मवर नेमलं. "दर मंगळवारी जायचं. फक्त ऑब्झर्व्ह करायचं."

फार्म हेंक यांचं. वय सदुसष्ट, उंची सव्वासहा फूट, दिवसाला वाक्यं साधारण अकरा. त्यांची मुलगी मारीके. हेंकची बायको शाळेत शिकवते आणि गोठ्याचं नाव काढलं की वर्तमानपत्र उघडते. त्या वर्षी फार्म मारीकेच्या हाती जायचं होतं. अट एकच. नऊ गोऱ्हे होते, त्यातला पैदाशीसाठी एकच ठेवायचा, बाकी आठ व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये. तो एक कुठला, हे मारीके एकटी ठरवणार आणि हेंक एक अक्षर बोलणार नाहीत. बोलले, तर ती युट्रेख्टला आपल्या जुन्या नोकरीवर परत जाणार.

अट मारीकेची होती, बरं का!

ट्रक कुठे जातो हे मी पहिल्याच मंगळवारी विचारलं. उत्तर मिळालं. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

*

दुसऱ्या का तिसऱ्या मंगळवारी गेलो, तर नऊच्या नऊ गोऱ्ह्यांच्या नाकात पिवळं प्लास्टिक! चपटं, मस्तपैकी डिझाइन केलेलं. म्हटलं, झालं! दुसऱ्या कंपनीनं नाकातला सेन्सर काढला आणि आपण अजून गळ्यातच बसलोय.

गुपचूप फोटो काढले, ऑफिसच्या ग्रुपवर टाकले: "कॉम्पिटिटर ऑलरेडी हिअर." वीस मिनिटांत इमर्जन्सी कॉल लागला. साहेब विचारतायत, बॅटरी किती दिवस चालते? रेंज किती? मी गोऱ्ह्याच्या नाकात डोकं घालून अँटेना शोधतोय.

मागून मारीके आली. "काय शोधतोयस?"

"याला चार्ज कसं करता?"

तिनं गोऱ्ह्याचं नाक वर करून दाखवलं. मग म्हणाली, "ती नुसती पट्टी आहे. ती नाकात असली की आईचं दूध पिता येत नाही. आई शेजारी, पण दूध बंद. आठवड्याभरानं वेगळं करायचं. असं केलं की दूध तोडताना त्रास कमी होतो."

कॉल अजून चालूच होता. साहेबांनी सगळं ऐकलं. ते एवढंच म्हणाले, "इंटरेस्टिंग. आपण मीटिंग संपवू या."

*

मग वासरं वेगळी केली. त्रास कमी होतो म्हणे! कुंपणाच्या अलीकडे वासरं, पलीकडे आया, आणि मधे जो हंबरडा... मी कानांवर हात ठेवले. त्याच वेळी माझा फोन वाजायला लागला. आमच्या सिस्टिमचा लाल अलार्म. एक गाय आजारी. दोन. पाच. खाणं बंद, रवंथ बंद, येरझाऱ्या प्रचंड. बघता बघता सगळा कळपच लाल!

मी धावत हेंककडे. "लवकर डॉक्टर बोलवा! सगळ्या गाई आजारी आहेत!"

हेंक कुंपणाला टेकून उभे होते. त्यांनी माझा फोन घेतला, लांब धरून शांतपणे वाचला आणि परत दिला.

"आजारी नाहीत," ते म्हणाले. "आया आहेत."

संध्याकाळी मी आईला पुण्याला फोन केला. तिला वाटलं माझी नोकरी गेली. दुसरं काही कारण तिला सुचेना.

*

आमच्या मॉडेलनं नऊ जणांची रँकिंग काढली. गोऱ्ह्यांना नावं नव्हती, कानातल्या बिल्ल्याचे नंबर होते; पहिला आला अडतीस. वजन काय, वाढ काय, बाकीचे त्याच्या आसपासही नाहीत! मी प्रिंट काढून मारीकेला नेऊन दिली. तिनं वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली.

"अडतीस नको," ती म्हणाली.

"पण डेटा तर..."

"तो दोन गाईंचं दूध पीत होता. एक स्वतःची आई, आणि एक शेजारीण. तो गुणी नाही, चोर आहे. आणि त्याची आई बघ, माणूस दिसला की शिंगं रोखते. आधी आई बघायची, मग गोऱ्हा."

हे मी घरी सांगितलं, तेव्हा आई व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे आलेली होती. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यात काय नवीन? खाण तशी माती. तुझं लग्न ठरवताना आम्ही तुझ्या सासूबाईंनाच बघून आलो होतो."

बायको आतून म्हणाली, "आणि माझ्या आईनं कोणाला बघितलं होतं?"

पुढची दहा मिनिटं मी बाल्कनीत होतो.

*

आता आईनं जे केलं ते.

पोळा नेमका मंगळवारी आला. आई म्हणाली, "मी येणार. जन्मभर मातीचे बैल पुजले. इथे नऊ-नऊ खरे उभे आहेत, आणि मी घरात बसू?" पहाटे उठून पुरणपोळ्या केल्या. ट्रेनमध्ये डबा मांडीवर. वाटेत मला दटावून झालं, "वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं हेंक काय म्हणतोस? काका म्हण."

तर हेंककाकांनी पुरणपोळी हातात घेतली, वास घेतला, विचारलं, "यात काय?" मी सांगितलं, हरभऱ्याची डाळ, गहू, गूळ. ते विचार करून म्हणाले, "प्रोटीन चांगलं आहे." गोऱ्ह्यांसाठीच्या तीन पोळ्या उभ्या उभ्या त्यांनीच खाल्ल्या.

मी लॅपटॉप लावण्यात गुंतलो होतो. गोऱ्हे जाळीतून माना बाहेर काढून चारा खात होते. आईनं त्यातला एक शांत बघून त्याच्या कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं, तांदळाचे दाणे चिकटवले, नमस्कार केला. मी बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या मंगळवारी गेलो, तर घरात मारीके एका कोपऱ्यात कॉफी पितेय, हेंककाका दुसऱ्या. मी मारीकेला बाजूला घेऊन विचारलं.

"बाबांनी शब्द मोडला," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "बेचाळीसच्या डोक्यावर लाल खूण केली. आमच्याकडे लाल म्हणजे ट्रकमध्ये. मी अजून काही ठरवलंच नव्हतं! मी युट्रेख्टला मेल लिहून ठेवली आहे. पाठवायची बाकी आहे."

हेंककाकांना गाठलं. ते म्हणाले, "तिनं बेचाळीसला लाल केलं. मला पटलं नाही. पण मी बोललो नाही. सहा दिवस झाले, मी काहीच बोललो नाही."

दोघांना एका टेबलाशी बसवलं आणि आईनं काय केलं ते सांगितलं. आमच्याकडे या दिवशी गुरांना ओवाळतात, कामाला जुंपत नाहीत, गोडधोड खाऊ घालतात.

हेंककाकांनी कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे लाल म्हणजे देव?"

"साधारण."

"आणि तांदूळ?"

तांदळाचं मला नीट सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर कुंकवाचंही नाही. मारीके हसायला लागली, आणि हसता हसता तिनं ती मेल डिलीट केली.

बेचाळीस शेवटी ट्रकमध्येच गेला. आई अजून पुण्याहून विचारते, "आपला कसा आहे रे?" मी म्हणतो, "मोठा झाला होता." त्यातला 'होता' तिनं अजून पकडला नाही, किंवा पकडला आहे आणि बोलत नाही.

*

आता निवडीचा दिवस. मारीकेनं कुंपणाच्या आत गोऱ्ह्यांमध्ये बादली पालथी घातली आणि त्यावर बसली. बस्स, बसली! ना वजन, ना टेप, ना माझी लिस्ट.

हेंककाकांनी कुंपणाजवळ यायचं नाही असं ठरलेलं. ते स्वयंपाकघरात खिडकीशी बसून बटाटे सोलत होते. समोर मी, लॅपटॉप उघडून.

"काय करतेय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"बसली आहे."

एक बटाटा.

"कोणाकडे बघतेय?"

"कळत नाही."

दोन बटाटे. दीड तास असाच गेला. पातेलं भरलं, मग त्यांनी आणखी एक बादली भरायला घेतली. पाऊस आला, थांबला, परत आला. ती हलली नाही. तिच्या आईनं एकदा आत डोकावून बटाट्यांकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

शेवटी मारीके आत आली. हात धुतले. म्हणाली, "एकेचाळीस."

सुरी थांबली. हेंककाका उठले, बूट घातले, बाहेर गेले. कुंपणापाशी पाठमोरे उभे राहिले. आमच्या यादीत एकेचाळीस सहावा होता. मी हळूच लॅपटॉप मिटला. मारीके नळ बंद करायचा विसरली होती, तो मी केला.

दहा मिनिटांनी ते परत आले.

"मी एकेचाळीस घेतला नसता," ते म्हणाले.

मारीकेचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज सरळ होता. "माहितीये," ती म्हणाली.

तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा मोबाइल वाजला. व्यापारी. दर वर्षी याच दिवशी तो विचारतो, कुठले गोऱ्हे न्यायचे. तीस वर्षं तो फोन हेंककाकांनी घेतला होता. त्यांनी स्क्रीनवरचं नाव वाचलं. फोन वाजत राहिला. मग एका बोटानं त्यांनी तो बटाट्यांच्या सालांमधून मारीकेच्या बाजूला सरकवला.

"तुझा आहे," ते म्हणाले.

ती फोन घेऊन बाहेर गेली. मला राहवेना. म्हटलं, "काका, म्हणजे एकेचाळीस बरोबर की चूक?"

त्यांनी पातेल्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही लोक," त्यांनी विचारलं, "बटाटे खाता ना?"