पूजेत बसलेला फोन

आमच्या सासरी तलवार आहे. लग्न ठरताना साताऱ्यात ही गोष्ट मला एखाद्या दागिन्यासारखी सांगितली गेली होती. घराण्यातल्या कुणा खापरपणजोबांनी म्हैसूरच्या राजांच्या फौजेत ती चालवली म्हणे. इथे येऊन पाहिली तर तिला गंज चढलेला, मूठ सैल. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, सासरे ती चिंचेने घासायचे. बाकीचं वर्ष ती कपाटामागे केरसुणीच्या शेजारी. अभिमान मात्र बाराही महिने घासून लख्ख ठेवलेला असायचा.

घर म्हैसूरच्या कुवेंपुनगरात. सासरे, थोरले दीर, थोरली जाऊ आणि आम्ही दोघं. थोरल्या जावेला मी अक्का म्हणते. तिचा एकुलता एक मुलगा फौजेत भरती झाला तेव्हा सासऱ्यांनी गल्लीभर म्हैसूरपाक वाटला. प्रत्येक दारात तेच वाक्य, "नम्म घराण्याचं रक्त आहे ते, सुम्ने नाही." सुम्ने म्हणजे उगीच. ते म्हैसूरच्या जुन्या मराठ्यांचं मराठी बोलतात, अर्धं कन्नड. अक्का त्यांच्या मागे डबा धरून उभी असायची. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, ना भरतीच्या वेळी, ना म्हैसूरपाकाच्या.

दीर हिनकलच्या पुढे एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. तिथे आधी मिक्सरचे भाग बनायचे. मग मालकाला देशप्रेम सुचलं आणि क्षेपणास्त्रात बसणारी सर्किटं बनू लागली. हे देशप्रेम सुचायला आमदारांनी हातभार लावला होता. शेजारची सरकारी जागा कारखान्याला मिळाली, नवीन शेडचा पाया घातला गेला, आणि आमदारांचा मेव्हणा कंपनीच्या संचालकांत जाऊन बसला. हे सगळं दीर जेवताना कौतुकाने सांगायचे, जणू मेव्हणा त्यांचाच.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. सरकारला प्रश्न विचारणं हा नागरिकाचा हक्क आहे, हे वाक्य मुलांकडून घोकून घेते. घरी एखादा प्रश्न विचारला की मात्र सगळ्यांची तोंडं भाजीत मीठ जास्त पडल्यासारखी होतात. त्या वर्षी सीमेवर चकमकी सुरू होत्या. टीव्हीवर कोट घातलेली माणसं टेबलावर मुठी आपटत होती. कारखान्यात ओव्हरटाइम चालला होता. एकदा जेवताना मी दिरांना विचारलं, "भाऊजी, लढाई थांबली तर त्या नव्या शेडचं काय करणार?"

"थांबत नाही," दीर म्हणाले. "पुढच्या ऑर्डरी आल्यात."

त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी सांबार वाढून घेतलं. अक्काचा हात ताटात तसाच राहिला. लढाई थांबणार नाही हे तिला टीव्हीने सांगितलं नव्हतं, नवऱ्याने सांगितलं, आणि तेही खुशीत.

मी म्हटलं, "आपला मुलगा तिकडे आहे, भाऊजी."

सासरे माझ्यावर खेकसले, "तू पाठ्यपुस्तक शिकव. युद्धातलं तुला काय गोत्तु?" गोत्तु म्हणजे माहीत. त्यांनाही युद्धातलं तेवढंच माहीत होतं, कपाटामागे होतं तेवढं.

मग खंडेनवमी आली. म्हैसुरात तिला आयुधपूजा म्हणतात आणि त्या दिवशी गावातला स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा देव होतो. पोटापाण्याचं जे साधन असेल ते पूजेत मांडायचं. हळदकुंकू वाहिलं की ते "बसलं". मग दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आमच्याकडे तलवार, दिरांचा पान्ह्यांचा संच, नवऱ्याचा लॅपटॉप, माझी पुस्तकं. अक्का दरवर्षी विळी ठेवायची. त्या वर्षी तिने विळीच्या शेजारी स्वतःचा फोन ठेवला. मुलाने मागच्या सुट्टीत घेऊन दिलेला. त्यावरच त्याचा आवाज यायचा, महिन्यातून कधीतरी, कुठल्यातरी चौकीवरच्या नंबरावरून. त्याला पाठ असलेला नंबर तो एकच. "माझं हेच आयुध," ती लाजत म्हणाली. सासरे खूश झाले. त्यांनी फोनवर शेवंतीचं अख्खं फूल वाहिलं.

माझा फोन मी पर्समध्ये दडवला होता. देव काही मुख्याध्यापिकेच्या मेसेजना उत्तर देणार नव्हता.

दुपारी पानं मांडली आणि पूजेतला फोन वाजला. फुलं थरथरली. अक्का ताटावरून उठली, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली.

"मुट्टबेड!" सासरे ओरडले. हात लावू नकोस. "बसलंय ते."

"मामंजी, त्याचा असेल," अक्का म्हणाली.

"मग उद्या बोलेल. पळून जातोय का? चामुंडीचा कोप घ्यायचाय तुला, पोरगा तिकडे असताना?"

पोराचं नाव काढल्यावर तिचा हात मागे आला. म्हाताऱ्याला नेमकी जागा ठाऊक होती. मी म्हटलं, "मी उचलते, पाप मला लागू दे," तर दीर आडवे आले. म्हणाले, "साकु, पुरे आता, घरात तमाशा नको." फोन थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला आणि पुन्हा थांबला. मी माझ्या फोनवरून मुलाच्या मोबाइलवर लावून पाहिला, तो बंद. पायसम गार होत होतं म्हणून आम्ही जेवलो. होय, जेवलो.

दुसऱ्या दिवशी दसरा. सगळं शहर हत्तींची मिरवणूक बघायला गेलेलं आणि आमच्या दारात लष्कराची गाडी. आदल्या संध्याकाळी चौकीवर तोफगोळा पडला होता. उत्तरपूजा तोवर झाली होती, फोन अक्काच्या हातात होता, आणि ती त्या अनोळखी नंबरावर उलटा फोन लावत होती. दारातला अधिकारी बोलत असतानाही तिने फोन कानावरून काढला नाही.

पुढे महिन्याभराने त्याच्या तुकडीतला एक जवान येऊन गेला. त्याने सांगितलं की चौकीवरच्या फोनला रांग होती, याने दोनदा लावला आणि मागच्याला जागा करून दिली. हसत म्हणाला होता, "आज आयुधपूजा, आई हात लावणार नाही." तरी लावला होता. जवान हे अक्काला बरं वाटावं म्हणून सांगत होता.

त्याआधी फ्लेक्स लागले होते. वर आमदार हात जोडून, खाली मालक हात जोडून, मधे आमचा मुलगा, फोटोत गोरा केलेला. कोपऱ्यात कारखान्याचं चिन्ह. अक्का म्हणाली, "हा माझा नाही." नव्या शेडला त्याचं नाव दिलं. दिरांना बढती मिळाली आणि त्यांनी ती घेतली. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण मी लहानपणापासून ऐकते. इथे खाणारे वातडही म्हणत नव्हते. आवडीने खात होते आणि आम्हाला पंगतीला बसवत होते.

वर्ष झालं. पुढच्या आयुधपूजेला कारखान्याने सगळ्या घराला बोलावलं. वीरमातेच्या हस्ते कोहळा फोडायचा होता. सासऱ्यांनी फेटा बांधला. अक्का गाडीत बसली. फोन तिच्या मुठीत होता. वर्षभर तो तिच्या मुठीतच असायचा, न्हाणीघरात जातानासुद्धा.

शेडमध्ये यंत्रांना झेंडूच्या माळा, दारात मालाने भरलेला ट्रक, त्यालाही केळीचे खुंट बांधलेले. चौरंगावर क्षेपणास्त्राची पितळी प्रतिकृती आणि तिच्याशेजारी मालकाने स्वतःचा फोन ठेवलेला. भटजींनी सगळ्यावर कुंकू वाहिलं. सगळं बसलं. आमदारांनी भाषण केलं. अक्काच्या हातात हळदकुंकू भरलेला कोहळा दिला.

तेवढ्यात चौरंगावरचा फोन वाजला. मालकाने हात घातला, फुलं बाजूला सारली, कुंकू रुमालाला पुसलं आणि फोन कानाला लावला. "जी सर. जी, जी. आज ही निकलेगा." मग ट्रककडे बघून ड्रायव्हरला बोटानेच खूण केली. नुकताच बसलेला ट्रक सुरू झाला. भटजी मंत्र म्हणत राहिले. आमदार हसले. चामुंडीचं काही म्हणणं दिसलं नाही.

अक्काने सासऱ्यांकडे बघितलं. "मामंजी, त्यांचं बसलं नव्हतं का?"

सासऱ्यांनी फेटा सारखा केला. म्हणाले, "मोठ्या लोकांचं वेगळं असतं. बिडम्मा." सोडून दे, बाई.

तिने कोहळा खाली ठेवला. कुणीतरी तो उचलून फोडला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

घरी आल्यावर आमची पूजा. तलवार मांडली, पान्हे मांडले. अक्काने सासऱ्यांच्या खिशातून फोन काढून घेतला, त्यांनी हो-नाही म्हणायच्या आत. "तुमचं पण बसू दे," ती म्हणाली आणि त्यावर तिने शेवंतीचं अख्खं फूल वाहिलं. गल्लीतल्या चार घरांत आरती ऐकू जाते, म्हाताऱ्याला नाही म्हणता येईना. आरती झाली. सासरे देवघराच्या दारात खुर्ची टाकून बसले.

फोन वाजला. देशभक्तीच्या गाण्याची रिंगटोन होती, ती पुरी वाजून थांबली. पुन्हा वाजली. सासऱ्यांचा हात खुर्चीच्या कडेवरून उठला.

"मुट्टबेडी, मामंजी," आतून आवाज आला. "बसलंय ते."

हात खाली आला. फोन वाजत राहिला. मी स्वयंपाकघरात गेले. अक्का पाटावर बसून आपल्या फोनवरून सासऱ्यांचाच नंबर लावत होती. थांबवायला हवं होतं म्हणतात काही जण. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. बाहेर म्हातारा रडायला लागला होता, तोंडात उपरणं कोंबून. मी तिच्यापुढे चहा ठेवला. तिने एका हाताने कप जवळ ओढला आणि दुसऱ्या हाताने पुन्हा नंबर लावला.