डॉक्टरबाईंची डबी आणि साहेबांचा बाण

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही, असं मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कबूल केलं होतं. विशेषतः आईला! पण भिंगारच्या आमच्या गॅरेजमध्ये किस्से सुट्या नटबोल्टांसारखे साठतात. खोका भरला की झाकण बसत नाही.

सगळे किस्से दोन गाड्यांचे. डॉक्टरबाईंची ‘डबी’ म्हणजे त्यांच्या भावाने परदेशातून बोटीने पाठवलेली छोटी हिरवी मोटार. तिचं मागचं दार अख्खं वर उघडतं. आणि रिटायर्ड कॅप्टनसाहेबांचा ‘बाण’ म्हणजे जुनी, लाल, शर्यतीची गाडी. दोनच सीटा, छप्पर नाही.

“ही शर्यतीत धावलेली आहे!” साहेब सांगतात.

“आता ढकलताना आम्ही धावतो!” डॉक्टरबाई म्हणतात.

*

साहेब एकदा बाणातून मेथीची जुडी घेऊन आले. वाऱ्याने पानं उडाली, हातात नुसत्या काड्या!

त्याच दिवशी आप्पांनी दवाखान्यापाशी आणलेल्या डबीच्या मागच्या दारातून पारनेरकडची एक बाळंतीण उतरली, मग तिची सासू, मग शेळी.

“शेळी कशाला?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“मग घरी तिची धार कोन काढनार?” सासू म्हणाली.

*

पेट्रोलचा विषय निघाला की आप्पा म्हणतात, “साहेब, डबी पेट्रोल पिती. तुमचा बाण अंघोळ करतो!”

*

मला मोटार शिकायची होती. आई म्हणाली, “आधी मॅट्रिक हो. गाडीबिडी काही नको.”

आप्पा हळूच म्हणाले, “दसऱ्याला दोन्ही माळावर पळवू. जिंकंल तिच्यावर शिकवतो. आईला बोलू नको.”

मी बाणासाठी देव पाण्यात ठेवले.

दसऱ्याला आप्पा गॅरेजमधल्या प्रत्येक यंत्राला झेंडू वाहतात, हवेच्या पंपालासुद्धा. बाणाची हवा ओढणारी पितळी तोंडं बॉनेटबाहेर आहेत. आप्पांनी भक्तिभावाने प्रत्येकात एकेक फूल खोचलं. शर्यत सुरू झाली. बाण गरजला, शिंकला, पाकळ्या उडाल्या आणि गप्प! डबी टुकटुक करत पुढे गेली.

“आप्पा, हे काय?” साहेब ओरडले.

“साहेब, परसाद घेतला त्यानं!”

*

म्हणून मी डबीवर शिकले. चुकलं तर ती नुसती बंद पडते, रागावत नाही.

गेल्या रविवारी मी ती माळावर नीट वळवून उभी केली. साहेब बघत होते. त्यांनी बाणाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसले.

“साहेब, पोरीचे हात थरथरत्यात,” आप्पा म्हणाले.

“माझेही थरथरतात. चालेल!”

दुसऱ्याच वळणावर समोर आई! हातात आप्पांचा जेवणाचा डबा. मी ब्रेक दाबला. बाण तिच्यापासून हातभर अलीकडे थांबला. आईने माझ्याकडे पाहिलं, मग लांब उभ्या आप्पांकडे. आप्पा डबीचा टायर तपासू लागले.

“साहेब, उतरा,” आई म्हणाली.

साहेब उतरले. आईने डबा त्यांच्या हातात दिला, पदर खोचला आणि त्यांच्या जागी बसली.

“चल. बाजारातनं ने.”

पेठेत शिरताच आईने भोंगा जो धरला, तो चौकातल्या सगळ्या…

“अगं ए! लिहीत काय बसलीस? साहेबांनी बाण दिलाय, चल लवकर!”

आले गं आई, एवढं वाक्य…