वीस नखांचा कुत्रा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. लिहायला बसलो तरी दोनदा उठलो — एकदा पाणी प्यायला, एकदा दार लागलंय का ते उगाच बघायला. तुम्ही म्हणाल, कुत्र्याचीच तर गोष्ट, एवढं काय त्यात? मीही स्वतःला तेच सांगत आलो.

महाडला आमच्याकडे टायगर नावाचा कुत्रा होता. त्याचा बाप पुण्याच्या एका फौजी साहेबाचा अल्सेशियन, असं मी आळीभर सांगून ठेवलं होतं. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी एकदा शंका काढली, तर मी त्या साहेबाच्या बंगल्याचं वर्णनसुद्धा केलं. थाप एकदा मारली की तिला दाणापाणी घालत राहावं लागतं.

मग — दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल — भाचा अमेरिकेहून आला. तिकडे म्हणे कुत्र्याच्या गालात कापसाची काडी फिरवून पाठवली की डीएनए तपासून त्याच्या आजा-पणज्याची जात कळते. महाडात राहून जात मिरवायची खरं तर लाज वाटायला हवी. पण मला कुत्र्याची मिरवायची होती ना! टायगर परक्याला जवळ येऊ देईना, म्हणून भाचा म्हणाला, "मामा, तूच घे." मी काड्या घेतल्या, मागच्या दाराने शेजारच्या डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांच्या अस्सल अल्सेशियनच्या गालात फिरवून आणल्या. दोन महिन्यांनी रंगीत कागद आला. अल्सेशियन! मी तो काचेत घालून भिंतीवर लावला.

एवढंच असतं तर मी हे हसत हसत सांगितलं असतं. पण टायगर आला कुठून? — इथे हात अडखळतो.

त्याच्या पाच-सहा वर्षं आधी मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या धनगरवाड्यातल्या शाळेवर मास्तर होतो. तिथल्या धोंडूबाबाच्या कुत्रीचं एकच पिल्लू जगलं होतं. वीस नखांचं — मागच्या पायांनाही पाचवं नख. असं कुत्रं वाघाला भीत नाही, ही तिकडची समजूत. मी ते मागितलं. तो म्हणाला, "गुरजी, दुसरं काय बी मागा. ह्यो माज्या शेरडांचा राखनदार हाय, ह्यो नाय देता येनार."

माझी बदली झाली. शेवटच्या दिवशी दुपारी, माणसं रानात गेलेली असताना, अंगणात पालथ्या डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, झाकलेलं ते पिल्लू मी पिशवीत घातलं आणि डोंगर उतरलो. होय, चोरलं. मास्तराने चोरलं. आणि तरीही मला सांगायचंय ते हे नाही.

कागद भिंतीवर लागला त्याच वर्षी धोंडूबाबा डोळे दाखवायला महाडला आला. विचारत विचारत घरी आला, माझ्यासाठी तूप घेऊन. टायगर त्याच्यावर भुंकला नाही, पायाशी जाऊन बसला. बाबाला नीट दिसत नव्हतं. त्याने टायगरचा मागचा पाय हाताने चाचपला, मग दुसरा.

"गुरजी, ह्यो माजाच न्हवं?"

मी तुपाचं भांडं उगाच बाजूला सरकवलं.

"कुत्रा नको मला. खरं तेवढं सांगा. माज्या बायकोनं, सारजीनं, डालगं नीट झाकलं नाय म्हनून पिल्लाला वाघानं न्हेलं, आसं मी तिला बोललो. लय बोललो. ती मरेस्तवर सांगत व्हती, म्या वर दगुड ठिवला व्हता. ह्यो त्योच आसंल, तर माजी सारजी खरी व्हती."

माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? — नको, हे विचारायचा मला अधिकार नाही. मी उठलो, भिंतीवरचा कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. ज्याला अक्षर येत नव्हतं, धड दिसतही नव्हतं, त्याच्या हातात! म्हणालो, "बाबा, हा अमेरिकेत तपासलाय. विलायती आहे. तुमची चूक होतेय."

त्याने काचेवरून बोट फिरवलं. मग हात जोडले. "कागूद म्हनतोय तर तसंच आसंल. माफी करा, गुरजी. मंग सारजीच खोटी."

मी त्याला स्टँडवर पोचवायला गेलो. एसटी सुटायला दहा मिनिटं होती. एक वाक्य पुरलं असतं. मी खिडकीखाली उभा राहून त्याच्याशी भाताच्या पिकाबद्दल बोलत राहिलो, आणि मला स्वतःची किळस येत होती, तरी बोलतच राहिलो. गाडी गेली. वर्षाच्या आत धोंडूबाबाही गेला.

डालग्यावर दगड होता. मला तो दोन्ही हातांनी उचलावा लागला होता.