काकूची कादंबरी, काकांच्या कथा

आमचे काका शिंपी. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. गिऱ्हाईक पडद्याआड कपडे घालून बघेपर्यंत काका मशीनच्या खणातलं पुस्तक काढून कथा वाचायचे. एका बैठकीत निकाल लागला पाहिजे, हा त्यांचा खाक्या. काकू नेमकी उलटी. उशीएवढी कादंबरी हातात असल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तुमच्या कथा म्हणजे दारातूनच परत फिरणारे पाहुणे, असं ती म्हणायची. तुझे पाहुणे मुक्काम ठोकतात आणि चुलीवरचं दूध मला उतरवावं लागतं, असं काका म्हणायचे.

मागच्या वर्षी काकूच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. हातपाय सावरले, बोलणंही परत आलं, पण नवीन काही डोक्यात टिकेना. अर्धवट राहिलेली कादंबरी तिनं मागून घेतली. दोन पानं झाली की ही माणसं कोण, म्हणून मागे जायची, ते थेट पहिल्या पानापर्यंत. शेवटी पुस्तक मिटून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

काकांनी आपल्या कथा आणल्या. छोटीशीच आहे, संपेपर्यंत लक्षात राहील, असं समजावलं. तिनं एक कथा मुकाट्यानं ऐकून घेतली.

"संपली की सगळे निघून जातात हो," ती म्हणाली. "मला माझी ती बाई हवी."

ती बाई म्हणजे कादंबरीची नायिका, तान्हं मूल घेऊन पायी माहेरी निघालेली. आजाराआधी वाचलेलं तेवढंच काकूच्या मनात राहिलं होतं. मग काका शिवण बाजूला सारून कादंबरी मोठ्यानं वाचू लागले. रोज आधी मागची हकिकत सांगायची, मग पुढचं पान. पण हकिकतीतच काकू थकून जायची. म्हणून त्यांनी एका प्रकरणाला पदरचा शेवट जोडून त्याची कथा करून बघितली. काकूची आठवण गेली होती, पारख नव्हे. हे पुस्तकातलं नाही, म्हणाली आणि रुसली.

कपडे रखडले, गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. काकांना मात्र आता कादंबरीनंच धरलं होतं. काकू झोपली की ते एकटेच पुढे वाचत. एका दुपारी वाचता वाचता थांबले आणि मला बोलावून ते पान पुढ्यात धरलं. ती बाई वाटेतच तापानं मेली होती.

"आता हिला काय सांगू?" काकांनी विचारलं.

काकू उठली ती त्या बाईचाच प्रश्न घेऊन.

"पोचली का ती?"

"पोचली," काका म्हणाले.

"आईनं दार उघडलं?"

"उघडलं. बाळाला आत घेतलं."

हे पुस्तकातलं नाही, असं ती म्हणेल म्हणून काका तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती समाधानानं हसली, तेव्हा काका उठून दुकानात गेले आणि रिकाम्या मशीनपुढे बसून राहिले.

डॉक्टर म्हणतात, आता हे असंच चालायचं. काकू रोज विचारते. काका रोज पोचवतात.